झुंबरबाईंचा रस आणि लोकरीचे दोन धागे

दिनांक २७ मे १९३६, बुधवार. या दिवशी सकाळी लोणावळ्याच्या बाजारपेठेत एक छापील पत्रक चिकटवण्यात आले. किराणा दुकानांच्या फळ्यांवर ते होते, टांग्यांच्या अड्ड्यावर होते आणि स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानातही होते. त्यातील मजकूर मी जसाच्या तसा उतरवतो: "जाहीर खबर. मळवली येथील झुंबरबाई नथू तिकोने यांच्याकडून आलेल्या करवंदाच्या रसात कृत्रिम डांबरी रंग आढळला आहे. व्यापाऱ्यांनी व गिऱ्हाइकांनी सदर बाईचा माल घेऊ नये." त्याखाली माझे नाव, माझी पदवी आणि माझी सही.

सही खरी होती. पहिले वाक्यही माझ्याच हातचे होते. दुसरे वाक्य माझे नव्हते, आणि माझी जी चार वाक्ये पहिल्यानंतर यायला हवी होती ती कोठेच नव्हती.

ही तक्रार मी आजवर तीन ठिकाणी लेखी केली आहे. एका ठिकाणाहून पोच आली, दुसऱ्या ठिकाणाहून सल्ला आला, तिसऱ्या ठिकाणाहून काहीच आले नाही. आज १९४१ चा नोव्हेंबर चालू आहे. ज्यांच्याकडे दाद मागायची असते त्यांच्याकडे मागून झाली. आता वाचकांपुढे येतो. मात्र तक्रार मांडण्यापूर्वी ती बाई कोण हे सांगणे भाग आहे. पत्रकात तिचे नुसते नाव होते, आणि नुसत्या नावावर थुंकणे लोकांना फार सोपे जाते.

झुंबरबाईंचे माहेर भुशीचे. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात करवंदाच्या जाळ्या घराच्या पाठीला लागून आहेत, त्यामुळे कोणते करवंद आंबट, कोणते गोड आणि कोणत्या जाळीत साप असतो हे तिथल्या मुलींना अक्षरओळखीच्या आधी कळते. अक्षरओळख झुंबरबाईंना पुढेही झाली नाही. १९१० साली, तेराव्या वर्षी, त्या मळवलीच्या नथू तिकोने यांच्या घरी आल्या. नथू रेल्वेच्या गँगमध्ये खलाशी होता. गाडी मळवलीला थांबली की झुंबरबाई पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन डब्यांच्या खिडक्यांखालून फिरत. १९१८ च्या तापात नथू चार दिवसांत गेला. भाताचे खाचर दिराच्या ताब्यात गेले. जाळ्यांवर मात्र कोणाची मालकी नव्हती, म्हणून त्या झुंबरबाईंच्या वाट्याला आल्या.

मळवलीजवळ मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला आहे. तिथला स्वयंपाकी अल्लाउद्दीन हा वडगावचा. बंगल्याच्या बाईसाहेबांना करवंदाची चव आवडे, पण चीक ओठांना चिकटे तो सोसत नसे. त्यांनी रस मागितला. करवंदाचा घोटभर रस घरी काढत, पण तो बाटलीत भरून टिकवायचा ही गोष्ट तोवर मळवलीत कोणी ऐकली नव्हती. झुंबरबाईंनी आणि अल्लाउद्दीनने मिळून दोन उन्हाळे घालवून ती रीत बसवली. रस बाईंचा, बाटली त्याची.

"चीक जित्ता हाय तवर रस काडायचा न्हाई," हे झुंबरबाईंचे पहिले कलम. सकाळी तोडलेली करवंदे त्या सावलीत भाताच्या पेंढ्यावर एक दिवस पसरून ठेवत. देठाशी चीक सुकून धरला की तीन पाण्यांनी धुवून लाकडी काठवटीत हातानेच कुस्करत. वरवंटा लावायचा नाही, कारण बी फुटले की रस कडू होतो. अल्लाउद्दीनने त्यांना बाटल्या उकळायला शिकवले: पातेल्याच्या तळाला गवत, गवतावर बाटल्या, म्हणजे तडकत नाहीत, भरून पुन्हा उकळायच्या आणि बुचावर लाख ओतायची. तो म्हणे, "बाई, बाटलीत वारा राहिला तर आठव्या दिवशी बूच उडून बाईसाहेबांच्या कपाळाला लागंल, आणि नोकरी माझी जाईल." बूच कधी उडाले नाही.

हळूहळू भाजे, पाटण, देवले या गावांतल्या बायका आपापला रस काढून झुंबरबाईंकडे आणू लागल्या. त्या तो पारखून घेत. पारख करण्याची त्यांची रीत मी पुढे माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि पाहून थक्क झालो. पानाच्या डब्यातला चुना त्या अंगठ्याच्या नखावर घेत आणि त्यावर रसाचा एक थेंब सोडत. करवंदाचा खरा रंग चुन्याला लागताच निळसर हिरवा होतो, गर्द मोरपिसासारखा. रसात पाणी असेल तर तो फिका उतरतो. एका वर्षी त्यांची धाकटी जाऊ रतनबाई हंडा घेऊन आली. झुंबरबाईंनी नख पाहिले.

"रतन, तुज्या जाळीला हीर लागली व्हय गं?"

"दव पडलं आसंल, आक्का."

"मे म्हैन्यात? तुज्या घरला येगळा हिवाळा हाय मग. जा, त्या हिवाळ्यात लेकरं न्हाऊ घाल त्या रसानं, हितं नगं."

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रतनबाई हसली नाही. हा प्रसंग मी केवळ विनोद म्हणून सांगत नाही. तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता माझ्याविषयी जेवढे आवश्यक तेवढेच. पुण्यात रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी काही वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. १९३२ साली माझे शाळासोबती महिपतराव यांनी लोणावळ्यात सरबताचा कारखाना काढला आणि मला बोलावले. त्यांचे शब्द मला आठवतात: "आपल्याकडे कोणी सरबताची परीक्षा करत नाही. आपण करू. बाटलीवर तुझी सही असेल." त्या वाक्याने मी भारावलो. एक टेबल, आंबटपणा मोजण्याचे एक ब्यूरेट, रसाची घनता मोजण्याची काचेची नळी, स्पिरिटचा दिवा, चिनी मातीच्या मुशी आणि पांढऱ्या लोकरीची एक लडी, एवढ्यावर माझी प्रयोगशाळा उभी राहिली.

पण परीक्षा करायची कशाशी ताडून? करवंदाच्या शुद्ध रसाचे आकडे मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नाहीत. ज्या परदेशांत ती पुस्तके लिहिली जातात तिथे करवंद पिकत नाही. म्हणून शुद्ध रस आधी मिळवायचा आणि त्याचे आकडे आपणच ठरवायचे असे मी योजले. सगळ्यांनी एकच नाव सांगितले. मी मळवलीला गेलो.

झुंबरबाईंच्या अंगणात मी घनता मोजण्याची नळी रसात सोडली, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून पाहत होत्या.

"मास्तर, रसाला ताप आलाय व्हय?"

ती नळी तापाची नव्हे, असे मी सांगितले. रस जितका दाट तितकी ती वर तरंगते. पाणी घातले की खाली जाते. त्यांनी मान हलवली. मग मी सांगितले की थोडा रस मी लोणावळ्याला नेऊन मुशीत जाळणार आहे.

"जाळनार? येवडा गाळून, धुवून, मरमर करून काडलेला रस जाळनार? आनि राकंत बगनार काय?"

"खऱ्या रसाची राख ठरावीक वजनाची येते. पाणी आणि साखर घालून वाढवला असेल तर राख कमी भरते."

"म्हंजी मेल्यावर कळतंय, जित्ता व्हता तवर खरा व्हता का न्हाई."

मी हसलो. तेव्हापासून त्या मला मास्तरच म्हणत राहिल्या. चार हंगाम, १९३२ ते १९३५, मी त्यांच्याच रसाची घनता, आंबटपणा आणि राख मोजली आणि माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर मथळा लिहिला: 'करवंद रस, शुद्ध, प्रमाण नमुना.' कारखान्यात येणारा इतर प्रत्येक रस मी या नमुन्याशी ताडत असे. लोणावळ्यात शुद्ध रस म्हणजे काय, याचे शास्त्रीय उत्तर चार वर्षे झुंबरबाई नथू तिकोने हे होते.

मे १९३६ मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे पत्र आले की तुमच्या करवंदाच्या सरबतात रंग मिसळलेला आहे, तुमचा माल परत पाठवतो. मी एक तयार बाटली घेऊन लोकरीची कसोटी लावली. ती कसोटी सोपी आहे. सरबतात थोडे आम्ल घालून त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात. धागा रंगतो, पण तेवढ्याने काही ठरत नाही. फळाचा रंगही लोकर थोडी धरतेच. मग तो धागा धुवून अमोनियाच्या पाण्यात उकळून रंग उतरवतात, ते पाणी पुन्हा आंबट करून त्यात दुसरा कोरा धागा सोडतात. फळाचा रंग या दुसऱ्या धाग्यावर धरत नाही. कापड रंगवण्यासाठी दगडी कोळशाच्या डांबरापासून जो रंग बनवतात तो मात्र धरतो. आमच्या सरबताचा दुसरा धागा कुंकवासारखा लाल झाला.

मी तो धागा महिपतरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोटाला गुंडाळून पाहिला.

"माझ्या कारखान्यात रंग येईल कसा?" ते म्हणाले. "साखर मी घेतो, पाणी विहिरीचं. बाहेरून येतो तो फक्त रस. प्रत्येकाचा रस तपास आणि मला लेखी दे. आणि हे बघ, निष्कर्ष एका कागदावर लिही, शेरे दुसऱ्या. दोन्हींवर सही कर. फाइलला सोयीचं पडतं."

फाइलला सोयीचे पडते. या तीन शब्दांत काय योजले आहे हे चाळिशीच्या माणसाला कळायला हवे होते. मला कळले नाही, कारण तो माणूस माझ्या शेजारी एका बाकावर बसून शिकलेला होता.

रस देणारे पाच होते. चौघांच्या रसातला दुसरा धागा पांढराच राहिला. पाचवा रस झुंबरबाईंचा, त्या हंगामातला पहिला. त्याचा दुसरा धागा मी पाण्यातून काढला आणि खिडकीपाशी नेला. तो पांढरा नव्हता. गुलाबाची पाकळी वाळल्यावर तिला जी छटा राहते तेवढीच छटा, पण होती. मी पुन्हा कसोटी केली, आणि मग पुन्हा एकदा. तिन्ही वेळा तीच छटा आली.

पहिल्या कागदावर मी लिहिले: झुंबरबाई नथू तिकोने यांच्याकडून आलेल्या करवंदाच्या रसात कृत्रिम डांबरी रंग आढळला आहे. दुसऱ्या कागदावर लिहिले: रंगाचे प्रमाण अत्यल्प असून तयार सरबतातील रंगाचा उगम त्यात असू शकत नाही. घनता, आंबटपणा व राख ही तिन्ही प्रमाण नमुन्याशी जुळतात. रस काढण्याची भांडी व गाळण्याची फडकी तपासावीत. दुसरा नमुना तपासल्याखेरीज कोणतेही अनुमान काढू नये. दोन्ही कागदांवर सही केली. कागद मंगळवारी दुपारी दिले. बुधवारी सकाळी पत्रक बाजारात होते.

मी तडक महिपतरावांकडे गेलो. "दुसरा कागद कुठे आहे?"

"आहे की फाइलमध्ये. शेरे घरातल्या घरात ठेवायचे असतात."

"अरे, पण तू तिला चोर ठरवलंस!"

"मी? सही कोणाची आहे? वाक्य खोटं आहे का? खोटं असेल तर तसं लिहून दे, आत्ता छापतो."

वाक्य खोटे नव्हते. गेली पाच वर्षे मी या उत्तरापाशी अडकलो आहे. खोट्याचा प्रतिवाद करता येतो. अर्ध्यावर तोडलेल्या खऱ्याचा कसा करायचा, हे मला कोणत्याही महाविद्यालयात शिकवले गेले नाही.

दुपारच्या गाडीने मी मळवलीला उतरलो. एरवी त्या दिवसांत झुंबरबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशी पेंढ्यावर करवंदे तशीच पसरलेली होती आणि जवळ कोणी नव्हते. पत्रक रतनबाईने आदल्या गाडीने आणून शाळेतल्या पोराकडून चावडीपुढे वाचून घेतले होते. झुंबरबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

"मास्तर, चार वर्सं माजाच रस तुमी खरा म्हनून वहीत मांडला. आता त्योच खोटा. मग वही खोटी का मी खोटी, येवडं सांगा आनि जावा."

मी उभ्यानेच सगळे सांगितले. दुसऱ्या कागदाचेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आत जाऊन चुन्याची डबी आणली. माझ्यासमोर नखावर थेंब सोडला. तो मोरपिसासारखा हिरवानिळा झाला.

"ह्यात कुटं दिसतोय रंग?"

"डांबरी रंग चुन्यावरही लालच राहतो, पण एवढा थोडा असला तर दिसणार नाही. खरा रंगच इतका गडद आहे की तो त्याखाली झाकला जातो. लोकर त्याला वेगळा काढते. बाई, हा रस तुम्ही कशातून गाळलात?"

प्रश्न विचारला आणि माझी मलाच लाज वाटली. हा प्रश्न कागद लिहिण्यापूर्वी, सही करण्यापूर्वी, एका स्टेशनाचा प्रवास करून विचारता आला असता.

त्यांनी ओट्यावरच्या दोरीकडे पाहिले. दोरीवर दोन फडकी होती. एक पांढरे मलमलीचे. दुसरा लाल खण, मधोमध विटलेला.

तिकोन्यांच्या घराला गावदेवीचा एक मान होता. वैशाखातल्या ठरल्या मंगळवारी गावातल्या बायका देवीची ओटी भरत. ओटीतला खण गुरव मानाच्या घराला प्रसाद म्हणून परत देई. हंगामातला पहिला रस त्या खणातून गाळायचा, अर्धा देवीपुढे ठेवायचा आणि उरलेला पहिल्या गिऱ्हाइकाला द्यायचा. पुढचा सगळा रस मलमलीतून. झुंबरबाईंचे पहिले गिऱ्हाईक गेली चार वर्षे आमचा कारखाना होता. म्हणजे त्यांनी आम्हाला पाठवला तो रस त्यांच्या लेखी वर्षातला सर्वांत पवित्र रस होता.

"चार वर्षे तुम्ही हे असेच करत होतात?"

"चार? मी लगीन होऊन आले तवापासनं. सासू करायची, तिची सासू करायची."

"खण कुठला?"

"आदी तळेगावच्या कोष्ट्याचा यायचा. त्यो म्हातारा मेला. औंदा वटी रतननं आनली, बाजारातनं."

मी लिंबू पिळलेले पाणी एका वाडग्यात घेतले आणि खणाचे रस न लागलेले टोक त्यात बुडवले. पाणी लाल झाले. कोष्ट्याचा जुना खण रंगाला पक्का होता. बाजारातला हा खण स्वस्त विलायती रंगात एकदा बुचकळून काढलेला होता.

"सापडला," मी म्हणालो. "आता हे मी लिहितो. उद्याच."

"काय लिवनार? देवीचा खण खोटा?"

"खण खोटा म्हणत नाही. त्याचा रंग उतरतो एवढेच."

"त्येच की. देवीच्या परसादानं रस नासला म्हनून माज्या नावानं छापनार. त्यापरीस चोर म्हनत्यात त्ये बरं हाय, मास्तर. चोराला गाव दोन वर्सांत इसरतं. ह्ये इसरायचं न्हाई."

मी पुष्कळ समजावले. त्या ओट्यावरून उठल्या, दोरीवरचा खण काढला, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवून आल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मलमलीतला रस न्या. त्येला तुमचा धागा लावा. तेवडं लिवा."

मलमलीतून गाळलेल्या रसाचा दुसरा धागा कोरा पांढरा निघाला. मी तसा दाखला लिहिला आणि महिपतरावांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, घडी केली आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तो आजही तिथे असावा.

त्याच आठवड्यात साखरेचा नमुना घेण्यासाठी मी कोठीत गेलो. तो माझ्या कामाचाच भाग होता. पोत्यांमागे पत्र्याचा एक डबा होता, त्याच्या झाकणावर लाल बोटांचे ठसे. आत लाल भुकटी. चिमूटभर घेऊन लोकरीला लावली. धागा कुंकवासारखा झाला, पहिल्या बाटलीतल्या धाग्यासारखाच. मी महिपतरावांना विचारले. या वेळी ते रागावलेदेखील नाहीत.

"मुंबईच्या माणसाला करवंदाचा खरा रंग ठाऊक नाही रे. तो काळपट असतो. त्याला लाल हवा, मी लाल देतो. तुझ्या राखेचं सरबत कोण पिणार?"

"आणि झुंबरबाई?"

"तिचा रस आता कोणी घेत नाही. मग तिला कशाला काढतोस?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ब्यूरेट नव्हते आणि नोंदवही नव्हती. दारावरच्या माणसाने मला आत सोडले नाही. माझ्या कोटाच्या खिशात एक पुठ्ठ्याचा तुकडा तेवढा होता. त्यावर मी दोन धागे तारखांसह चिकटवले होते: सरबताचा लाल आणि झुंबरबाईंच्या पहिल्या रसाचा गुलाबी. तो पुठ्ठा माझ्याजवळ आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने केव्हाही यावे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना माझा तोल राहत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून चौकशीला एक तपासनीस आले. त्यांना पहिला कागद दाखवण्यात आला. ते सरबत पिऊन परत गेले. पुढच्या हंगामापासून कारखान्याच्या प्रत्येक बाटलीवर एक ओळ छापली जाऊ लागली: 'मळवलीच्या भेसळीच्या रसापासून मुक्त.' खाली माझे नाव आणि सहीचा ठसा. रंगाच्या डब्याला माझ्या सहीचे झाकण मिळाले. मी दोन नोटिसा पाठवल्या. उत्तर असे आले की सही मी स्वखुशीने केलेली आहे.

मळवलीत रतनबाईने सांगितले की रंगवणारीच्या हातचा रस देवी कशी घेईल. ज्या खणाने रंग सोडला तो आपणच आणला होता, हे ती बोलली नाही. झुंबरबाईंना ते ठाऊक होते. त्याही बोलल्या नाहीत. १९३७ च्या वैशाखात गुरवाने ओटीचा खण रतनबाईच्या घरी दिला. मान गेला. रस आणणाऱ्या बायका हंडे घेऊन सरळ लोणावळ्याला जाऊ लागल्या, आणि तिथे रस पारखणारे नख नव्हते. बाजारात झुंबरबाई दिसल्या की कोणी तरी हाक मारी, "काय रंगवाली, आज कंचा रंग?" त्या न थांबता पुढे जात. एका अल्लाउद्दीनने तेवढी त्यांची बाटली सोडली नाही. बंगल्यातून मुंबईला जाणाऱ्या करंड्यांत दर मे महिन्यात लाखेने बंद केलेल्या बाटल्या अजून जातात.

गेल्या मे महिन्यात मी मळवलीला गेलो होतो. झुंबरबाई आता पंचेचाळिशीच्या आसपास आहेत, पण गुडघे धरून उठतात. अल्लाउद्दीन बंगल्यावरून बुचे आणि लाख घेऊन आला होता. मी अंगणात दिसताच तो म्हणाला, "या मास्तर. सही करायला काही नाही हितं."

झुंबरबाई हसल्या. पाच वर्षांत त्या माझ्यासमोर प्रथम हसल्या. मग त्यांनी सांगितले की वैशाखातल्या ओटीचा रस या वर्षी देवळात फसफसला. रतनबाईने चीक सुकू न देताच गाळला होता. बायका कुजबुजल्या, पण मान परत द्यावा असे कोणी म्हटले नाही. "कशी म्हनतील? माजं नाव त्या बाटलीवं हाय," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव नाही. नुसती मळवली आहे."

"मळवलीत रस काडनारी कोन हाय, मास्तर? लोकास्नी वाचाया येत न्हाई म्हनून त्ये येडं न्हाईत." त्यांनी काठवटीत हात घातला आणि बराच वेळ करवंदे कुस्करत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "लिवा आता. खणाचं बी लिवा. पन देवीचं म्हनू नगा, दुकानाचं म्हना. दुकानात व्हता तवा त्यो देवीचा नव्हता."

"आधी तुम्ही नको म्हणाला होतात."

"तवा वाटलं, गाव इसरंल. न्हाई इसरलं." हात पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सही तुमची व्हती. पुसायची बी तुमीच."

ते मी येथे करत आहे. महिपतरावांनी मला फसवले, हे खरे. पण त्यांना हत्यार मी दिले, तेही दोन कागदांत नीट वेगळे करून. ज्या बाईच्या रसावरून मी शुद्धतेचा अर्थ ठरवला तिला एक प्रश्न विचारण्याआधी तिच्याविरुद्ध सही केली. माझ्यापाशी नोंदवही नाही, प्रयोगशाळा नाही, दाखला छापणारा कोणी नाही. वाचकांच्या घरी मात्र चुन्याची डबी आहे.

म्हणून वाचकांकडे माझे मागणे हे आहे. तुमच्या घरात किंवा तुमच्या ओळखीच्या दुकानात 'मळवलीच्या भेसळीच्या रसापासून मुक्त' असे छापलेली करवंदाच्या सरबताची बाटली असेल, तर ती उघडा. नखावर चुना घ्या, त्यावर एक थेंब सोडा आणि उजेडात पाहा. थेंब हिरवानिळा झाला तर मी खोटा. तसे मला लेखी कळवा. थेंब लालच राहिला, तर बाटली दुकानात परत न्या, तिच्यावरची माझी सही दुकानदारासमोर फाडा, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की मळवलीच्या झुंबरबाई नथू तिकोने यांचा रस खरा होता.